कुंभाराच्या घरात कुकर

घेवडा सकाळी सहाला चुलीवर चढला होता. साडेनऊ वाजले तरी दाणा बोटाखाली दबेना. कुंभारणीने पळीने तीन दाणे काढले, फुंकर मारून एक दाबून पाहिला आणि उरलेले दोन सासूच्या हातावर ठेवले. सासूच्या तोंडात दात असे नव्हतेच. तिने एक दाणा या गालातून त्या गालात फिरवला, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि तळहातावर काढून सुनेला परत दिला.

"घे. गोट्या खेळायला ठेव," ती म्हणाली.

घेवडा दोन वर्षांचा जुना होता. शिवाय नळाला नव्या बोअरचं पाणी यायला लागल्यापासून काहीच धड शिजत नव्हतं. ते पाणी जड होतं. भांड्याच्या कडेला त्याचा पांढरा थर बसायचा. जुना दाणा आणि जड पाणी असं जिच्या वाट्याला येतं तिचे हाल कुत्रा खात नाही, आणि कुंभारणीच्या वाट्याला ते रोज येत होतं. तिने चुलीत आणखी दोन लाकडं सारली आणि सारताना परसातल्या भिंतीकडे पाहिलं. न पाहता राहवतच नव्हतं.

भिंतीला टेकून सरपणाचा ढीग होता आणि भिंतीवर कुंभाराने खडूने एक आडवी रेघ ओढली होती. ढीग त्या रेघेच्या वर असला तरच भांडी भाजायचा आवा लावता येणार होता. आवा एकदा पेटला की मध्ये थांबत नाही. लाकूड कमी पडलं तर आतली सगळी भांडी अर्धीकच्ची राहतात आणि मग ती ना मातीत घालता येतात ना बाजारात. पूर्वी याची कधी चिंता नव्हती. रस्त्यापलीकडे लाकूड कापायची वखार होती, तिथल्या ढलप्या हातगाडी भरून मिळायच्या. वखार बंद पडली, मालक मशिनी विकून निघून गेला. उरला तो भिंतीपाशी रचलेला ढीग. छपराखाली दीडशे कच्ची भांडी वाळत होती, पण धुकं हटत नव्हतं. धुक्यात आवा लावायचा नाही हे कुंभाराने ठरवून टाकलं होतं. तोवर त्याच ढिगातून चूल रोज आपला वाटा खात होती. आज ढीग रेघेच्या वर जेमतेम वीतभर होता.

कुंभार चाकावर होता. गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला, पाठ वाकलेली. हात मात्र एवढे हलके चालत होते, की ते दुसऱ्याच कोणाचे असावेत असं वाटे. कुंभारीण दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, शिंपिणीकडे कुकर आहे. अर्ध्या तासात दाणे शिजतात म्हणते."

"मग शिंपीण आहे ती. तिने कुकरात शिजवावं नाहीतर मशीनवर शिवून खावं."

"आपण एक घेतला तर?"

कुंभाराने चाक थांबवलं. तो बायकोवर कधी ओरडत नसे. चाक थांबवायचा. तेवढ्यानेच समोरच्याला कळायचं.

"इतकी वर्षं बाजारात काय सांगतो मी लोकांना?"

ते तिला पाठ होतं. पाठीमागे बसून तिने ते हजारदा ऐकलं होतं. आमच्या घरी चुलीवर धातूचं भांडं चढत नाही, बाई. मातीत शिजतं ते अंगी लागतं. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिले तीन दिवस नुसतं पाणी उकळा, मग मंद आचेवर काय हवं ते करा. हे सांगताना तो रंगात यायचा. विक्रीसाठी बोलतोय असं वाटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर विक्रीसाठी बोलतही नसे. पटत होतं म्हणून बोलायचा.

"घ्या कुकर," तो म्हणाला, "आणि खानावळवाली दारात असताना वाजू दे शिट्टी. ती बाई तोंडात मारल्यासारखी परत जाईल. पुन्हा टेंपो या गल्लीत दिसणार नाही."

खानावळवाली ही त्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. दर दोन महिन्यांनी टेंपो घेऊन यायची आणि शिजवायची भांडी शंभर-शंभर न्यायची. पाण्याचे माठ नाहीत, कुंड्या नाहीत, फक्त शिजवायची भांडी. एवढी भांडी लागतात म्हणजे शहराच्या पलीकडे तिची मोठी खानावळ असणार, हे नवराबायकोने केव्हाच ठरवून टाकलं होतं. बाई बोलायची कमी. कुंभार बोलायचा, ती मान डोलवायची. छपराखालच्या दीडशेतली शंभर तिचीच होती. म्हणजे लाकूड संपलं तरी मरण, आणि बाईला कुकर कळला तरी मरण. कुंभारीण मुकाट्याने आत आली आणि घेवड्यात गार पाणी ओतलं.

सासू मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुपारी जेवताना तिने घेवड्याचं नुसतं पाणी भातावर घेतलं, दाणे ताटाच्या कडेला ओळीने मांडले आणि मुलाला हाक मारली.

"अरे, हे बघ. एकोणीस झाले. उद्या माळ करून गळ्यात घालते."

"आई, आजवर हेच खाल्लंस ना तू?"

"दातांनी खाल्लं. तुझ्या भांड्याने खाल्लं नाही."

कुंभार ताटावरून उठला नाही, पण त्याचं जेवण तिथेच संपलं. हात धुताना तो बायकोकडे न बघता म्हणाला, "शिंपिणीला विचार, एक दिवस देते का. एकदाच. बघू तरी काय उजेड पडतो ते. दोन्ही चुली पेटव. इकडे आपलं भांडं, तिकडे तो डबा. दाणे सारखे, पाणी सारखं, लाकूड सारखं. भरदुपारी, गल्लीत कोणी नसताना."

शिंपीण मनाची मोकळी होती. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या, अशी ती दारातच सगळं समजावून मोकळी झाली. "हे रबर झाकणाला नीट बसव, वहिनी. ही शिट्टी. ही बारकी चकती दिसते ना, तो सेफ्टीचा वाल, त्याला हात लावायचा नाही. तीन शिट्ट्या झाल्या की आच काढायची. आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, माझी शपथ आहे तुला."

कुंभारणीने कुकर फडक्यात गुंडाळून, चोरीचा माल असल्यासारखा, परसदाराने घरात आणला. कुंभाराने तो मांडीवर घेतला आणि सवयीप्रमाणे बोटाच्या पेराने ठोकून पाहिला. आयुष्यभर त्याने प्रत्येक भांडं असंच ठोकून पाहिलं होतं. चांगलं भाजलेलं भांडं वाजतं आणि तडा गेलेलं बद्द बोलतं. झाकण लावलेला कुकर बद्द बोलला.

"तडा आहे याला," कुंभार म्हणाला.

"अहो, रबर आहे आत. म्हणून तसा आवाज येतो."

"आवाज खोटं बोलत नाही," असं म्हणून त्याने तो खाली ठेवला. पण बोलण्यात थोडं समाधानही होतं, ते तिच्या लक्षात आलं.

तिने कुकरला खालून ओल्या मातीचा पातळ लेप दिला, म्हणजे काजळी धरायला नको. वाटीने मोजून दाणे घेतले, तांब्याने मोजून पाणी. लाकडाचे दोन सारखे भारे बांधून कुंभाराने ते स्वतः तराजूत घालून पाहिले. स्वयंपाकघरात आधीच जागा नव्हती. छपराखाली दमट होतं म्हणून चाळीसेक कच्ची भांडी चुलींच्या उबेला भिंतीशी आणून लावली होती. त्यांच्यामधून पाय ठेवायला जागा करत दोघं दोन चुलींपाशी बसले. सासू उंबऱ्यावर बसली. शर्यत बघायला यावं तशी ती आधीपासूनच येऊन बसली होती.

पहिली शिट्टी झाली तेव्हा तिघंही दचकले. कुंभारणीला वाटलं होतं, शिट्टी म्हणजे केटलीसारखं बारीक काहीतरी असेल. ही तर भिंतींना लागून परत आली. शेजारचं कुत्रं भुंकलं. समोरच्या घरात खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"गावजेवण आहे वाटतं," कुंभार दातओठ खात म्हणाला. "दाराला पोतं लाव."

ती पोतं घेऊन बाहेर गेली आणि दारातच थांबली. गल्लीच्या तोंडाशी टेंपो वळत होता. खानावळवालीचा दिवस पुढच्या आठवड्यातला होता, पण टेंपोत पुढे तीच बसली होती. आत वळून ती एवढंच म्हणाली, "बाई आली," आणि अंगणात सामोरी गेली. काहीतरी बोलत राहायचं, बाईला छपराखालीच गुंतवायचं, एवढंच तिने मनाशी धरलं.

"या, या. लवकर आलात या वेळी."

"माल आजच हवा होता थोडा. तयार आहे का?"

"धुकं आहे ना, आवा राहिलाय. बसा ना. पाणी आणते."

बोलताना तिचे कान घराकडे होते. आता होईल दुसरी शिट्टी, आता होईल. पण झाली नाही. घरातून हूं की चूं नाही. कुंभार हात पुसत, हसत बाहेर आला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत ओली माती होती. एवढा वेळ तर तो चुलीपाशी बसला होता आणि त्याचे हात कोरडे होते, हे तिला आठवलं. कुंभार बाईला सांगायला लागला होता, की घाईने भाजलेलं भांडं शिजवायला काही कामाचं नसतं. पाणी आणायचं निमित्त करून ती आत गेली.

शिट्टीवर मातीचा गोळा होता. चांगला मूठभर, मळलेल्या मातीचा, चारी बाजूंनी दाबून, कडा बोटाने सारवून नीट बसवलेला. भांड्याची गळती बंद करावी तशी त्याने कुकरची गळती बंद केली होती. खाली लाकडं धडाडून जळत होती आणि कुकर थरथरत होता.

"आई, उठा तिथून!" ती ओरडली आणि हाताने जळती लाकडं बाहेर ओढायला लागली. दोन ओढली. तिसरं हातात असताना झाकणावरचा वाल फट्‌कन उडाला.

वाफेचा आणि पाण्याचा लोट छताला जाऊन आदळला आणि तिथून खाली आला. डोळ्यांसमोर पांढरंच सगळं. उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, आग ओतल्यासारखं झालं. ती भिंतीकडे सरकली आणि पाठीमागे कच्ची भांडी एकमेकांवर कलली. आवाज थांबला तेव्हा छतावरून दाणे टपटप पडत होते. भिंतीशी लावलेल्या भांड्यांवर गरम पाणी पडलं होतं आणि त्यांचे काठ हळूहळू खाली बसत होते.

सगळ्यात आधी आत आली ती बाई. तिने कुंभारणीचा हात धरून माठापाशी नेला आणि तांब्यावर तांब्या पाणी ओतत राहिली. "चोळू नका. काही लावू नका. नुसतं पाणी. वाल उडाला होय? माझ्याकडे दोनदा उडालाय. एकदा तर दिवाच फोडला त्याने."

"तुमच्याकडे?" कुंभार दारात उभा होता. चेहरा मातीसारखा झाला होता.

"दोन आहेत ना कुकर. एक छोटा, एक मोठा." मग तिचं लक्ष शिट्टीवरच्या मातीकडे गेलं. "हे काय लावलंत?"

कुंभारणीचा हात पाण्याखाली ठणकत होता आणि तिला नवऱ्याचा इतका राग आला होता, की तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तिला खात्री नव्हती. तरी तोंड उघडलंच.

"तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून लावलंय," ती बाईला म्हणाली. "तुमची खानावळ. तुम्ही मातीच्या भांड्यात शिजवता. आमच्याच घरात कुकर दिसला तर तुम्ही भांडी नेणार नाही म्हणून. मेले असते मी आत्ता, त्याच्यापायी."

"माझी खानावळ?" बाई म्हणाली.

ओतायचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. तिने कुंभाराकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. माणूस खोटं बोलताना सापडलं की बघतं तसं.

"माझी खानावळ नाही हो. रोपवाटिका आहे. रोपं लावते मी तुमच्या भांड्यांत. कुंडीपेक्षा आकार छान आहे त्यांचा, पोटाला रुंद. लोक खिडकीत ठेवायला नेतात."

"शिजवत नाहीत?" कुंभाराने विचारलं.

"आता कोण शिजवतं हो."

"मग मी सांगायचो ते? रात्रभर भिजवा, तीन दिवस पाणी उकळा..."

"ऐकायचे ना मी."

"चार वर्षं?"

"तुम्ही इतकं जीव तोडून सांगायचात, मला मध्ये बोलवेना. एकदा सांगणार होते, तर तुम्ही म्हणालात, आमच्या चुलीवर धातूचं भांडं चढत नाही. मग राहिलंच." मग ती, आता एवढं निघालंच आहे तर सगळंच निघू दे, अशा आवाजात म्हणाली, "आज मुद्दाम आले ते त्याचसाठी. पाणी जायला खाली भोक लागतं. आम्ही ड्रिलने पाडतो, तर दर चारात एक फुटतं. तुम्ही कच्चं असतानाच पाडून दिलंत तर दोनशे घेते. दर महिन्याला."

कुंभार खाली बसला. ओलं होतं, दाणे सांडले होते, तिथेच बसला. कुंभारणीला त्याची कीव आली. हात भाजलेला असताना भाजणाऱ्याचीच कीव यावी याचा तिला स्वतःवरच राग आला, पण आली एवढं खरं.

तेवढ्यात उंबऱ्यावरून चघळल्याचा आवाज आला. सासूने भिंतीला चिकटलेला एक दाणा खरवडून तोंडात टाकला होता. तिने दुसरा टाकला.

"शिजलाय," ती म्हणाली. "लोणी झालंय." शेजारच्या चुलीवर मातीच्या भांड्यात घेवडा अजून उड्या मारत होता. भांड्याच्या वाटणीचा भारा संपत आला होता आणि कुकरच्या वाटणीची निम्म्याहून जास्त लाकडं तशीच पडून होती. ते तिघांनीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कुंभार झाकण घेऊन शहरात गेला. वाल कसा उडाला असं दुकानदाराने विचारलं तेव्हा, कचरा अडकला होता, असं त्याने सांगितलं. घरी येऊन ही गोष्ट त्याने स्वतःच बायकोला सांगितली, तिने विचारलेलं नसताना. नवा वाल बसवून कुकर शिंपिणीला परत दिला. कुंभारणीने समजून घेतलं, की विषय संपला. या घरात आता कुकरचं नाव काढणं म्हणजे जखमेवरची खपली काढणं. तिने डाव्या हाताने चूल पेटवली आणि घेवडा चढवला.

त्या आठवड्यात ढीग रेघेला टेकला. कुंभार परसात उभा राहून बराच वेळ रेघेकडे बघत होता. मग आत आला, मडक्यातलं पाणी प्यायला आणि पाठमोराच म्हणाला, "केवढा घ्यायचा?"

"काय?"

"कुकर. तीन लिटरचा की पाच?"

"पाच," आतून सासू म्हणाली.

या क्षणाला आपल्याला आनंद होईल असं कुंभारणीला दोन महिने वाटत आलं होतं. झाला, पण अगदी थोडा. पाहुणा नको त्या वेळी दारात यावा तसा झाला. ती म्हणाली, "पाचच घ्या. पुन्हा पुन्हा घ्यायचा नसतो."

नवा कुकर आला. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा कुंभाराचं चाक थांबलं. दुसऱ्या दिवशी थोडं अडखळलं. आठवड्याने ते थांबेनासं झालं. चुलीला आता वेचलेल्या काटक्या पुरत आणि ढीग रेघेखाली गेला नाही. सासू दोन वेळा घेवडा मागून खायला लागली आणि तिच्या गालांवर थोडं मांसही चढलं. जेवताना कुंभार दाण्यांबद्दल चांगलंही बोलत नसे आणि वाईटही. भात मात्र आणखी एकदा घ्यायचा.

बाजारात तो आता माठ विकायचा. शिजवायची भांडी पाटीत तळाला असत. कोणी हात लावलाच तर तो किंमत सांगे आणि गप्प राही.

धुकं विरळ झालं तशी दोनशेची तयारी सुरू झाली. कुंभारणीच्या हातावर नवी कातडी गुलाबी आली होती आणि ताणली की फाटल्यासारखी व्हायची, म्हणून माती मळणं तिला जमत नव्हतं. भांडी उचलून फळीवर मांडणं तेवढं ती करे. एका सकाळी कुंभाराने चाकावरून पहिलं भांडं दोऱ्याने कापून उतरवलं. पोटाला रुंद, काठ बारीक, नेहमीसारखंच. सुकून बोटाला चिकटेनासं झाल्यावर त्याने ते उलटं करून तळ वर धरला आणि अंगठा मधोमध टेकवला. अंगठा तिथेच राहिला. मग त्याने भांडं सुलटं करून तिच्याकडे सरकवलं.

"तू पाड," तो म्हणाला. "केवढं हवं सांगितलंय तिने?"

"करंगळीएवढं."

"मग करंगळीनेच पाड."

वीस वर्षं तिने भांडी उजेडाला धरून पाहिली होती. सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी ते भांडं बाजूला पडायचं. तिने भांडं मांडीवर पालथं घेतलं आणि डावी करंगळी तळाशी दाबली. आधी माती नुसती वाकली. मग आत गेली आणि बोट पलीकडे मोकळं झालं. तिने ते फळीवर ठेवलं, दुसरं घेतलं. चाक फिरत होतं. तो भांडी उतरवत होता, आणि जी सुकत ती ती घेत होती. आत सासूने तिसरी शिट्टी झाल्याचं ओरडून सांगितलं. ती गेली, लाकडं ओढून परत आली.

अकराव्या की बाराव्या भांड्याला कुंभाराने चाकावरूनच मान वळवून पाहिलं.

"कडा खडबडीत ठेवतेस," तो म्हणाला. "पाण्याचं बोट फिरव."

"मातीने भरणार आहेत. खालून कोण बघतंय?"

"आपण बघतोय ना," कुंभार म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला.

तिने आधीची सगळी भांडी फळीवरून खाली घेतली, वाटीत पाणी आणलं आणि पहिल्यापासून एकेका भोकाची कडा गुळगुळीत करायला बसली.